दोन्ही टोकं एकाच बाजूला

"ही सुई मी ओळखतो," हुल्याळकर सर म्हणाले. "हा हाताचा दोष आहे."

होकायंत्राची सुई उत्तर सोडून चौदा अंश बाजूला जाऊन उभी होती. करंट बंद केला की जागेवर यायची, चालू केला की पुन्हा चौदा. मी तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

टेबलावर हातभर लांबीची पोकळ नळी आडवी होती आणि तिच्यावर तांब्याची तार एकाला एक लावून गुंडाळलेली होती. आमच्या फिजिक्सच्या पुस्तकात हिला सॉलेनॉइड म्हणत आणि आमच्या दुकानात नुसतं कॉइल. तारेतून बॅटरीचा करंट सोडला की नळीच्या आत लोहचुंबकासारखं क्षेत्र तयार होतं, आणि बाहेर मधोमध क्षेत्र शून्य. हे 'शून्य' पुस्तकात ठळक छापलं होतं. बारावीच्या प्रॅक्टिकलला नळी उत्तर-दक्षिण ठेवायची, तिच्यावर मध्यभागी होकायंत्र ठेवायचं, करंट सोडायचा, सुई हलत नाही हे पाहायचं आणि वहीत शून्य लिहायचं. जयसिंगपूरच्या आमच्या कॉलेजात आजवर प्रत्येक बॅचनं शून्य लिहिलं होतं, आणि ते खरोखर यायचंही.

सर दोन्ही हात पाठीमागं बांधून वाकून पाहत होते. प्रॅक्टिकलला ते कायम असेच उभे राहायचे. उपकरणाला म्हणून हात लावायचे नाहीत. बटण दाबायचं असलं तरी विद्यार्थ्याला सांगायचे. त्यामुळं पोरांनी त्यांचं नाव राज्यपाल ठेवलं होतं. पाहणी करायची, मान डोलवायची आणि पुढं जायचं.

"कॉइल तुझ्या वडिलांनीच गुंडाळली ना, मगदूम?" सरांनी विचारलं.

"हो सर," मी म्हणाले.

लॅबमधले दस्तगीरमामा कपाटाशी उभे होते. ते आप्पांचे, माझ्या वडिलांचे, जुने दोस्त. त्यांनी चुकचुक केली आणि वाईट वाटूनच म्हणाले, "म्हंजे आप्पांची नजर गेली ती गेलीच म्हणायची. लोक बोलत्यात ते खोटं न्हाई."

पण कॉइल आप्पांनी गुंडाळलीच नव्हती. ती मी गुंडाळली होती.

झालं होतं असं. कुणीतरी शहाण्यानं सॉलेनॉइड बॅटरीऐवजी थेट मेनला जोडला आणि तार जळून कोळसा झाली. ही चौऱ्याऐंशी सालातली गोष्ट. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. ती कॉइल मुळात आप्पांच्याच हातची, म्हणून सरांनी ती माझ्याबरोबर आमच्या दुकानात पाठवली. आमचं दुकान एस. टी. स्टँडमागं, मोटर रिवाइंडिंगचं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या आणि आप्पा त्यांना नवी तार भरून परत धाडायचे. भूपाल मगदुमांनी भरलेली मोटार पाच वर्षं उघडायची नाही, असं शिरोळपर्यंत लोक म्हणायचे.

पण त्याच आठवड्यात आप्पांचं मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवं फडकं, महिनाभर कामाला हात लावायचा नाही. तेवढ्यात गावात आवई उठली की आप्पांचा डोळा कामातून गेला. दोन गिऱ्हाइकांनी मोटारी उचलून सांगलीला नेल्या. आप्पांचं जेवण निम्म्यावर आलं. कॉलेजचं काम आलंय म्हटल्यावर मला म्हणाले, "सरास्नी सांग, महिन्यानं देतो म्हणून." मी मान हलवली आणि सरांना सांगितलंच नाही. लहानपणापासून आप्पांशेजारी बसून तार भरत आले होते. मला वाटलं, आपण करू आणि आप्पांनी केलं म्हणून देऊ. गावाला कळेल की आप्पांचा हात अजून तसाच आहे.

आणि करताना जरा जास्तच शहाणपण केलं. आप्पांची जुनी कॉइल दोन थरांची होती, आणि तारेची दोन्ही टोकं नळीच्या एकाच बाजूला, दोन पितळी स्क्रूंना जोडलेली. पुस्तकातल्या चित्रात मात्र एकच देखणा थर होता. एक टोक डावीकडं, एक उजवीकडं. मला वाटलं, आप्पा सातवी शिकलेले, त्यांना चित्र कुठं ठाऊक? मी पुस्तकाप्रमाणं केलं. नळीखालच्या लाकडी पाटाला दुसऱ्या टोकाशी नवं भोक पाडून एक स्क्रू तिकडं हलवला. एकोणीस गेजची तार, मोजून चारशे टर्न म्हणजे वेढे, एक ना कमी ना जास्त. वार्निश मारल्यावर ती इतकी सुंदर दिसत होती की मी तिच्याकडं पाहत जेवले.

म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं होतं.

"सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार," सर म्हणाले. "कुठं तरी टर्न एकमेकांना चिकटलेत. उद्या नीट करून आण. नाही तर शनिवारी मी ही कोल्हापूरला पाठवतो. वडिलांना सांग, माझा राग नाही."

राग असता तर बरं वाटलं असतं. कॉलेजनं कॉइल कोल्हापूरला पाठवली ही बातमी संध्याकाळपर्यंत स्टँडवर पोचली असती.

त्या दुपारी मी सगळी तार उलगडली. तारेवरचं एनॅमलचं कवच कुठंच सोललेलं नव्हतं. एकोणीस गेजचं रीळ संपलं होतं, म्हणून सतरा गेजची, म्हणजे त्याहून जाड, तार घेतली आणि पुन्हा एकच थर भरला. जाड असल्यानं तीनशेच टर्न बसले. प्रत्येक टर्नवर नख फिरवून पाहिलं. आप्पा आतल्या खोलीत कॉटवर पडून होते. त्यांनी विचारलं, काय करालीस? मी म्हणाले, जर्नल पुरं करालो. आमच्याकडं मुलीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. जर्नल मात्र खोटं होतं.

शुक्रवारी लॅबमध्ये करंट सोडला. अ‍ॅमीटरवर तेच दोन अँपिअर.

चौदा अंश.

सरांनी पाहिलं आणि निघून गेले. दस्तगीरमामांना दया आली असावी. त्यांनी होकायंत्र रुमालात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलं. "घरी नेऊन बग. उद्या सकाळी आण. सर इचारलं तर धुवाया टाकलंय म्हणून सांगतो," म्हणाले. होकायंत्र कोण धुतं, हे त्यांनाच ठाऊक.

दुकानात ट्रकची बॅटरी होती, अ‍ॅमीटर होता, करंट कमीजास्त करायचा रिओस्टॅट होता. दुपारी चारला मी कॉइल उत्तर-दक्षिण मांडली, वर होकायंत्र ठेवलं आणि स्टुलावर बसून रडू येतंय का याची वाट पाहत राहिले. रडू आलं नाही. त्याऐवजी एक प्रश्न आला, आणि तो इतका साधा होता की माझी मलाच लाज वाटली.

चौदाच का?

काल चारशे टर्न होते, आज तीनशे. तार वेगळी, भरणंही नव्यानं. माझा हात कच्चा असता तर काल एक चूक झाली असती, आज दुसरी. काल चौदा तर आज नऊ, नाही तर वीस. चूक कधी इतकी टापटीप असते का? आणि टर्न निम्मे करा नाही तर दुप्पट, सुईला काही देणंघेणं नसेल, तर ती टर्न पाहतच नाही. मग ती पाहते काय?

मी होकायंत्र कॉइलच्या खाली सरकवलं. सुई चौदाच अंश गेली, पण उलट दिशेला. वर ठेवलं की एकीकडं, खाली ठेवलं की दुसरीकडं. हे मी कुठं तरी पाहिलं होतं. दहावीतला पहिलाच प्रयोग: एक सरळ तार, तिच्याखाली सुई, तिच्यावर सुई. मी कॉइल बाजूला केली, तिच्या जागी एक सरळ तार ताणून बांधली, तेवढ्याच उंचीवर होकायंत्र ठेवलं आणि दोन अँपिअर सोडले.

चौदा.

मी हसले असेन, कारण आतून आप्पांचा आवाज आला, "जर्नलात एवढं हसण्यासारखं काय हाय गं?"

करंट नळीभोवती गोल फिरतो, हे खरं. पण फिरता फिरता तो या टोकाकडून त्या टोकाला जातोही. गोल जिना चढणारा माणूस गरगर फिरला तरी शेवटी गच्चीवर पोचतोच की. पुस्तकानं फिरणं धरलं होतं आणि पोचणं सोडून दिलं होतं. बाहेरून पाहिलं तर माझी सगळी कॉइल म्हणजे एक जाडजूड सरळ तार होती, आणि सुई तेच सांगत होती. चित्रातली एका थराची कॉइल खरोखर करून तिच्यावर सुई ठेवली, तर पुस्तकातलं शून्य येणारच नव्हतं. पुस्तकाप्रमाणं गुंडाळली होती, म्हणूनच ती पुस्तकाप्रमाणं चालत नव्हती.

पण मग आप्पांच्या कॉइलला इतकी वर्षं शून्य कसं येत होतं?

आप्पा भिंतीला धरत दुकानात आले होते. एका डोळ्यावर हिरवं फडकं, दुसरा बारीक केलेला. टेबलावर हात फिरवत कॉइलपर्यंत आले आणि बोटांनी ती चाचपू लागले. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, हळूहळू. बोटं नव्या स्क्रूवर येऊन थांबली.

"कुणी भरली?"

"मी गुंडाळलो, आप्पा."

"आणि सरास्नी काय सांगितलीस?"

"तुम्ही केलाय म्हणून."

मग मी सगळंच सांगून टाकलं. चौदा अंश, कोल्हापूर, दस्तगीरमामा काय म्हणाले तेसुद्धा. आप्पांनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा स्क्रूवरच बोट ठेवलं.

"टर्न चांगलं बसिवलीस," ते म्हणाले. "पर हे टोक तिकडं का काढलीस?"

"चित्रात तसं हाय."

"चित्राला काय जातंय? दोन्ही टोकं एकाच बाजूला काढायची असत्यात. जाताना एक थर, येताना एक थर. माझ्या वस्तादानं पहिल्या दिवशी शिकिवलं. एक टोक हिकडं, एक तिकडं ठेवलं की तारंला वढ बसती, तुटती. गेलेली तार माघारी आणायची. नियमच हाय तो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. आप्पांना चुंबकाचं काही ठाऊक नव्हतं. तार तुटू नये एवढंच त्यांना हवं होतं. पण गेलेला करंट दुसऱ्या थरातून परत येत होता. जाणं आणि येणं एकमेकांत फिटत होतं, आणि बाहेर सुईला कळण्यासारखं काही उरत नव्हतं. आमच्या कॉलेजातलं शून्य पुस्तकाचं नव्हतं, ते आप्पांच्या वस्तादाचं होतं.

मी पलीकडच्या टोकाला एक सुटी तार जोडली आणि नळीच्या पोटातून मधोमध ओढून अलीकडं आणली. करंट गेला तसाच माघारी आला. सुई उत्तरेकडं तोंड करून जागची हलली नाही.

"न्हाई हलली?" आप्पांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं.

"न्हाई हलली," मी म्हणाले, आणि तेव्हा मात्र रडू आलं.

शनिवारी सकाळी सर लॅबमध्ये आले तेव्हा मी सगळं मांडून ठेवलं होतं. आधी खरं बोलून टाकलं, कॉइल माझी आहे, आप्पांनी तिला कालपर्यंत हातही लावला नव्हता. दस्तगीरमामांनी कपाळावर हात मारला. मग चौदा अंश दाखवले, सरळ तारेचे चौदा दाखवले, खालचे उलटे चौदा दाखवले. शेवटी तार नळीतून माघारी आणली आणि शून्य दाखवलं. बावीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला मी त्याचंच पुस्तक अपुरं आहे म्हणून सांगत होते.

सरांनी मला ते सगळं पुन्हा करायला लावलं. मग वळले आणि सरळ बाहेर चालते झाले. खिडकीतून दिसलं, सायकलवर बसून फाटकाबाहेर गेले.

"घालवलीस," दस्तगीरमामा म्हणाले. "आता कोल्हापूरबी न्हाई आणि प्रॅक्टिकलबी न्हाई."

अर्ध्या तासानं सर परतले. घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि हातात एक जुनं जर्नल होतं, खाकी कव्हर घातलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्यांनी एक पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. अक्षर सरांचंच, पण कोवळं. वर सॉलेनॉइडची आकृती, एका थराची. खाली लिहिलेलं: नळीबाहेर, मध्यभागी, सुईचं विचलन अकरा अंश. त्या अकरावर लाल शाईची फुली होती आणि बाजूला इंग्रजीत एक शेरा, त्याचा अर्थ असा की विद्यार्थ्याचा हात प्रयोगाला योग्य नाही.

"बी. एस्सी.चं शेवटचं वर्ष," सर म्हणाले. "कॉइल मी स्वतः गुंडाळली होती. परीक्षकांनी विचारलं, शून्य का आलं नाही? मी म्हणालो, सर, आलं नाही. बाकीच्यांनी शून्य लिहिलं होतं. मला पुढं संशोधनाला जायचं होतं, पण या शेऱ्यावर कोण घेणार? मी फुलीवर विश्वास ठेवला, मगदूम. माझा हातच खराब आहे असं मानलं. पंचवीस वर्षं झाली त्याला."

तेव्हा मला कळलं की राज्यपाल हात पाठीमागं का बांधतात. पोरांनी ठेवलेल्या नावाला मीही कितीदा हसले होते, ते आठवून मान वर करवेना. त्यात एक विचार असाही आला की माझं शहाणपण नसतं, आप्पांनीच कॉइल भरली असती, तर सुई पुन्हा शून्यावर राहिली असती आणि हा माणूस तसाच रिटायर झाला असता.

"सर," मी म्हणाले, "तुमचे अकरा बरोबर होते. होकायंत्र जरा उंच ठेवलं असेल, नाही तर करंट कमी असेल."

"दीड अँपिअर," सर लगेच म्हणाले. पंचवीस वर्षांपूर्वीचा आकडा त्यांच्या जिभेवर होता.

मी माघारी आणलेली तार सोडवली आणि रिओस्टॅट सरकवायला हात पुढं केला. सर म्हणाले, "थांब."

त्यांनी पाठीमागचे हात सोडवले. धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले. डाव्या हातानं होकायंत्र अलगद धरून नळीच्या मधोमध ठेवलं, उजव्या हातानं रिओस्टॅट सरकवत करंट दीडवर आणला आणि वाकले. सुई स्वच्छ उभी राहिली.

"अकरा," सर म्हणाले. मग दस्तगीरमामांकडं वळून, जणू त्यांनाही हिशोब द्यायचा होता, "दस्तगीर, अकरा आहेत रे."

ते स्टुलावर बसले. दस्तगीरमामा पाणी आणायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला होता, पण त्या खोलीत माझ्यापेक्षा जास्त कुणाचा पडला होता ते मला दिसत होतं.

रविवारी आप्पांनी माझ्याकडून दुसरा थर भरून घेतला. ते बोटांनी टर्न मोजत होते आणि मी तार ओढत होते. सरांनी निरोप पाठवला होता की पाटावरचा पलीकडचा स्क्रू काढू नका, तिसरा बसवा. म्हणजे पोरांना एका थराचे चौदाही दिसतील आणि दोन थरांचं शून्यही. दस्तगीरमामांनी तोवर सगळ्या स्टँडला सांगून टाकलं होतं की आप्पांची बोटंच कॉलेजच्या पुस्तकापेक्षा शहाणी आहेत. एक मोटार सांगलीहून परत आली.

सोमवारी परीक्षकांनी आधी भुवया चढवल्या, मग तिन्ही स्क्रूंवर उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, हे केलं कुणी? सर म्हणाले, "मगदुमांनी." कुठले मगदूम, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ते योग्यच होतं.

आम्ही प्रॅक्टिकलला ओळीनं उभे होतो तेव्हा माझ्यामागच्या सुलोचना चौगुलेनं मला कोपर मारलं आणि कुजबुजली, "त्रिशला, बग की, राज्यपालास्नी काय झालंय?"

सर पहिल्या टेबलाशी बाह्या कोपरापर्यंत सरसावून उभे होते आणि एका घाबरलेल्या पोराला होकायंत्र कसं धरायचं ते स्वतः धरून दाखवत होते.